एक भर, एक सोड

केटल खोऱ्यात जायचं, बापाच्या रिव्हॉल्व्हरनं एल्क, म्हणजे सांबरासारखा मोठा हरीण, मारायचा आणि मांस खेचरांवर लादून घरी आणायचं. सिग्ने त्वाइटनं गावात सगळ्यांना हेच सांगितलं होतं. गावानं ऐकून घेतलं, "जपून जा हो" म्हटलं आणि पाठ वळल्यावर जे बोलायचं ते बोललं. कारण गेल्या साली त्याच खोऱ्यात, त्याच रिव्हॉल्व्हरच्या गोळीनं तिचा बाप गेला होता. आणि ती गोळी चुकून सुटली की आन्डर्स त्वाइटनं स्वतःच सोडली, याचा निकाल सरकारी कागदावर लागला नव्हता. गावानं मात्र तो कधीच लावून टाकला होता.

तिच्यासोबत होते हाल्वर काका, बापाचे धाकटे भाऊ. सत्तरी ओलांडलेली, एक गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र धडधाकट. आणि दोन खेचरं, मेबल आणि डीकन. एवढाच काफिला.

"शाळेची बस चालवणारी पोरगी एल्क मारणार!" काकांनी पहिल्या चढालाच सुरुवात केली. "हॉर्न वाजवून बोलावणार आहेस का त्याला?"

"तुम्ही आहात ना काका. तुमचं घोरणं ऐकून नर एल्क धावत येईल. त्याला वाटेल, दुसरा कोणी आव्हान देतोय."

काका खदखदून हसले. पण ते हसणं लवकर आटोपलं. या वाटेवर दोघांनाही फार वेळ हसू टिकवता येत नव्हतं.

रिव्हॉल्व्हर तिच्या छातीवर होतं, बापाच्याच चामडी म्यानात. जुन्या धाटणीचं हत्यार. दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. घोडा ओढला की चार वेळा खट्‌ व्हायचं, आणि तो आवाज ऐकला की सिग्नेला लहानपणचं स्वयंपाकघर आठवायचं. बाप टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याला तेल देत बसलेला, आई कुरकुरतेय की जेवायच्या जागेवर हे काय!

वाट्याला आलं तेव्हा ते तिचं मुळीच ऐकेना. उन्हाळाभर ती गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर जात राहिली. पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या मातीत! दणका बसला की मूठ तळहातात वर फिरायची. तिनं ती गच्च आवळली तर नेम आणखीच बिघडला. मग हळूहळू कळत गेलं. मूठ आवळायची नाही, फिरू द्यायची. नळीच्या टोकावरची नेमाची माशी बापानं कानशीनं घासून कमी केली होती, स्वतः घरी भरलेल्या काडतुसांसाठी. दुकानातली काडतुसं त्यातून वेडीवाकडी जात. लाकडी मुठीवर बापाच्या अंगठ्यानं एक खळगा पडला होता. आपला अंगठा त्यात बसवला की नेम आपोआप सरळ यायचा. ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी ती मैदानावरच रडली. बाकीचे लोक आपापल्या फळ्यांकडे बघत राहिले.

एक गोष्ट मात्र तिला शिकावी लागली नाही. ती हातातच होती. या हत्याराच्या चकरीत काडतुसांची सहा घरं, पण भरायची पाच. घोडा खाली सोडला की त्याचं टोक समोरच्या काडतुसावर टेकतं; हत्यार पडलं, घोड्यावर आपटलं की बार! म्हणून घोड्याखालचं घर कायम रिकामं. आन्डर्स त्वाइटनं गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरांना बंदूक कशी हाताळावी ते शिकवलं होतं, आणि प्रत्येक पोराकडून हे तालावर म्हणवून घेतलं होतं: "एक भर, एक सोड, चार भर! घोडा ओढ, हळू सोड!" बरोबर त्या क्रमानं केलं की सोडलेलं रिकामं घर नेमकं घोड्याखाली येतं. सिग्नेला हे बाराखडीच्या आधी आलं होतं.

आणि इथेच तर सगळं अडत होतं! बाप सापडला तेव्हा हत्यार शेजारी दगडावर पडलं होतं. सहा घरांत चारच काडतुसं, त्यातलं एक उडालेलं. पंचनामा करणारा अधिकारी आन्डर्सचाच विद्यार्थी. तो टोपी काढून म्हणाला होता, "बाई, चार काडतुसं म्हणजे दोन घरं रिकामी. एकच रिकामं असताना त्यांनी पन्नास वर्षं चूक केली नाही. दोन रिकामी असताना घोडा भरलेल्या घरावर येईलच कसा? स्वतः ओढल्याशिवाय?" शिवाय बापाच्या नजरेच्या मधोमध काळा डाग वाढत चालला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या साली गाडी नाही, शिकार नाही.

बाप इतका काटेकोर होता, हीच त्याच्याविरुद्धची साक्ष ठरली. वर्षभर सिग्ने बस चालवायची, पोरं चढायची, उतरायची, आणि डोक्यात एकच भुंगा. मला न सांगता, न भेटता, बाबा आपणहून गेले का?

दुपारी नदी आली. ती ओलांडायची जागा ठरलेली होती, पण वर कुठेतरी पाऊस झाला होता आणि पाणी गढूळ होऊन फुगलं होतं.

"उद्या बघू," काका म्हणाले.

"उद्या बर्फ येईल. तुम्हीच म्हणालात."

"माझं ऐकायचं तेव्हा ऐकत नाहीस, आणि नको तेव्हा पाठ करून ठेवतेस!"

खोऱ्यात पोचेपर्यंत हत्यार रिकामं ठेवायचं, हा बापाचा आणखी एक नियम. काडतुसं बापाच्याच जुन्या पट्ट्यात होती, तिच्या कमरेला. बापानं भरलेल्यांपैकी शेवटची. बाकीची उन्हाळ्यात मैदानावर संपली होती. तिनं मेबलला टाच मारली.

अर्ध्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग मेबलचा पुढचा पाय गोट्यांत गेला. खेचर बसलं! सिग्ने पाण्यात! थंडी इतकी की ओरडायला श्वासच उरला नाही. प्रवाहानं तिला फरफटत नेलं, कमरेनं दगडांवर घासत, उलटीपालटी करत. हाताला काहीतरी लागलं. मेबलची शेपटी! तिनं ती दोन्ही हातांनी धरली. खेचर चिडलं, उठलं, आणि लाथ न मारता सरळ पलीकडच्या किनाऱ्याकडे निघालं, मागे सिग्नेला ओढत.

"आजवरची सगळी पापं माफ त्या मेबलची," डीकनवरून पार झालेले काका तिला वर घेताना म्हणाले.

हत्यार म्यानात शाबूत होतं. पट्टा मात्र हलका लागला. तिनं चाचपून पाहिलं. जुनं चामडं भिजून सैल पडलं होतं, नदीनं काडतुसं एकेक करून ओढून नेली होती. चार उरली होती.

"चार," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

पाइनच्या राईत तंबू पडला. कपडे शेकोटीवर वाळत होते, तव्यावर डुकराची चरबी चरचरत होती. काकांनी बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सं, कापडातून काढल्या. नदीनं त्यांचा अर्धा लगदा केला होता, तरी दोघं त्या खात बसले.

"परत जाऊ या, पोरी," काका एकदम म्हणाले. "चार काडतुसं घेऊन त्या खोऱ्यात जायला नको मला."

"अपशकुन वाटतो?"

"आन्डर्सचाही पट्टा रिकामाच होता. शिकारीला निघालेला माणूस चार काडतुसं नेतो होय?" ते विस्तवाकडे बघत राहिले. "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या साली मी त्याच्याबरोबर का गेलो नाही ते."

"तुमचा गुडघा."

"गुडघा गेला खड्ड्यात! मी त्याला म्हणालो, आंधळ्याबरोबर शिकारीला येऊन मरायचं नाही मला. असंच म्हणालो, तोंडावर. चेष्टेनंच, पण लागेल असं. त्यानं कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि गेला. मला वाटतं, मीच मारला त्याला."

नाही म्हणावं तर ते सिग्नेला तरी कुठे ठाऊक होतं? राग आला, फार आला. आणि त्याच वेळी या म्हाताऱ्याची कीवही आली, जो वर्षभर हे पोटात घेऊन तिच्या दारचा बर्फ काढत राहिला होता. तिनं स्वतःचं घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि तंबूत गेली.

सकाळी बर्फ भुरभुरत होता. खेचरं राईत बांधून दोघं पायीच निघाले. खोऱ्याच्या तोंडाशी एक झरा होता. बाप तिथे सापडला होता. सिग्ने त्या बाजूला न बघता वरची वाट धरून चालत राहिली.

"थांबायचंय?" काकांनी विचारलं.

"येताना. आत्ता नाही."

तेवढ्यात वरून हाक आली. लांब, चिरत जाणारी, शेवटी घोगरी होणारी. नर एल्क! सिग्नेच्या अंगावर काटा आला. काकांनी बोटानं वरचं कुरण दाखवलं आणि खूण केली, आता भर.

तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला. बोटं लाकडं झाली होती. घोडा अर्धा ओढला, बाजूची झडप उघडली. एक भर. एक सोड. मग भर, भर, भर. पट्टा संपला. पुन्हा हाक आली, या वेळी जवळून! घोडा ओढ, हळू सोड. हत्यार म्यानात गेलं. म्यानावरची चामडी वादीही नदीनं लांबवली होती. ती घोड्यावर नीट बसेना. बसेना तर बसेना, कोण थांबतंय!

कुरणाच्या कडेला खडकांची एक अरुंद पायरी होती; एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला घसरण. दोघं त्यावरून वाकून सरकत होते. आणि समोर तो दिसला. काळपट मान, हस्तिदंती टोकांची शिंगं, नाकातून वाफ. मध्ये फक्त दोनचार झुडपं. इतक्या जवळ की या हत्याराच्या टप्प्यात! सिग्नेचा हात छातीकडे गेला. अंगठा त्या खळग्यात बसला. बाबांनी हेच पाहिलं असेल का, डागाच्या कडेकडेनं?

मागे दगड खडखडला.

"सिग्ने!"

ती वळली. काकांचा गुडघा दगा देऊन गेला होता! ते पोटावर घसरत चालले होते, पायाखालची खडी धो-धो खाली जात होती, खाली कुठेतरी कोसळून फुटत होती. तिनं स्वतःला आडवं झोकलं. हात लांबवला. त्यांचं मनगट सापडलं. निसटलं! बाही सापडली! ती छातीपर्यंत कडेबाहेर वाकली, दोन्ही हातांनी बाही धरून. आणि म्यानातून काहीतरी जड सरकलं.

तिनं ते पडताना पाहिलं. सावकाश पडल्यासारखं. मूठ वर, नळी खाली. मग हवेत उलटलं, आणि हातभर खाली पुढे आलेल्या खडकावर घोड्याच्या बाजूनं आपटलं.

धाड!

कानात घंटा. डोळ्यांपुढे पांढरं. टोपी उडाली होती आणि डाव्या खांद्यावर कुणी चाबूक ओढल्यासारखी आग होत होती. पण बाही हातात होती. तिनं सोडली नव्हती.

"पाय!" ती किंचाळली. "पाय रोवा काका! डावीकडे खाच आहे!"

काकांनी पाय चाचपला. खाच सापडली. ती ओढत राहिली, शिव्या देत, रडत, बूट खडकात अडकवून. एक हात. मग कोपर. मग तो सगळा म्हातारा तिच्या अंगावर येऊन पडला, आणि दोघं बर्फात पडून नुसते धापा टाकत राहिले.

कुरण रिकामं झालं होतं. एल्क केव्हाच पसार!

काकांनी तिचा खांदा पाहिला. गोळी कातडी सोलून गेली होती. चार बोटं आत आली असती तर? त्यांनी गळ्यातला रुमाल फाडून घट्ट बांधला. बांधता बांधता तोंड चालूच.

"मूर्ख पोरी! घोडा रिकाम्या घरावर ठेवायला काय झालं होतं? तुझ्या बापानं शिकवलं नव्हतं?"

"ठेवला होता!"

"मग बार झाला कसा? जादूनं?"

"ठेवला होता, काका! एक भर, एक सोड, सगळं बरोबर केलं मी. चारच होती, मग दोन घरं रिकामी होती, मग..."

ती बोलता बोलता थांबली.

सिग्ने पोटावर सरकत गेली, हात लांबवून खालच्या खडकावरून हत्यार उचललं. झडप उघडली आणि चकरी हळूहळू फिरवली. मध्ये उडालेलं काडतूस. त्याच्या या बाजूला रिकामं घर. त्या बाजूलाही रिकामं घर.

काकांच्या तोंडातून आवाज निघाला, खोकल्यासारखा.

"काय झालं?"

"असंच होतं," ते म्हणाले. "त्याचं मी उचललं ना दगडावरून. शोधायला निघालो तेव्हा मीच पहिला पोचलो होतो. उडालेलं मध्ये, दोन्ही बाजूंना रिकामं. अस्संच होतं, सिग्ने!"

तिनं सगळी काडतुसं काढून मांडीवर घेतली. उडालेलं धरून पुन्हा चार. जिवंत तीन काडतुसांच्या जागी तिनं खिशातल्या सुकलेल्या पाइनच्या काड्या मोडून घेतल्या, आणि डोळे मिटले. नुसता ताल. एक भर. एक सोड. भर, भर, भर. संपलं. घोडा ओढ, हळू सोड. डोळे उघडून पाहिलं.

घोड्याखाली भरलेलं घर होतं. पहिलंच भरलेलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"ताल पाच काडतुसांचा आहे," ती हळू म्हणाली. "शेवटी चार भरली की रिकामं घर घोड्याखाली येतं. तीनच भरली तर चकरी एक घर कमी फिरते. रिकामं घर मागेच राहतं, आणि पहिलं काडतूस येतं पुढे. एक काडतूस कमी भरलं, आणि... वाटतं की जास्त सुरक्षित आहे."

"त्याला दिसतही नव्हतं नीट," काका म्हणाले. "बघून खात्री करायची सोयच नव्हती. हातांवर भरवसा. तो तालच!"

"आणि पट्टा. हाच पट्टा, काका. हीच नदी."

मग काकांनी टोपी तोंडावर घेतली आणि हमसून हमसून रडले. सिग्ने त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिला आधी वाटलं होतं, कळलं तर हलकं वाटेल. हलकं नाही वाटलं. बापाचा राग करण्यात वर्ष घालवलं, त्या रागाचं आता करायचं काय?

वाऱ्यानं बर्फाचा मारा वाढवला. खाली उतरायला हवं होतं. आणि नेमकं तेव्हा, कुरणाच्या पलीकडच्या टोकाला, तो नर पुन्हा उभा राहिला. अंगावर बर्फ, मान ताठ. पुन्हा टप्प्यात. मांडीवर तीन जिवंत काडतुसं.

"घे," काका कुजबुजले. "गाव तोंड बंद करेल."

सिग्नेनं जखमी खांद्याखालचा आपला हात पाहिला. बोटं रक्तानं निसरडी झाली होती. अशा हातानं मारलेली गोळी पोटात लागते, आणि जनावर दिवसभर तडफडत फिरतं. बापानं हेही शिकवलं होतं.

"नको," ती म्हणाली. "मी ज्यासाठी आले होते ते मिळालं."

तिनं काडतुसं खिशात घातली, रिकामं हत्यार काकांच्या झोळीत. एल्कनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाइनच्या दाटीत शिरला.

उतार कठीण गेला. काकांचा गुडघा सुजला होता, सिग्नेचा खांदा ठणकत होता. दोघं एकमेकांना काठीसारखे धरून, बसत, घसरत, एकमेकांना शिव्या घालत खाली आले. झऱ्याशी पोचले तेव्हा ती थांबली.

"कुठे?"

काकांनी दाखवलं. एक सपाट दगड, पाण्याच्या अगदी कडेला.

"कसे होते बाबा?"

"गुडघ्यांवर बसल्यासारखा, पुढे कलंडलेला." काका अडखळले. "त्याची पाण्याची बाटली झऱ्यात पडली होती. टोपण साखळीला लोंबत होतं. मी ती घरी नेली, आणि कुणाला दाखवली नाही. काय दाखवायची? बाटलीचं काय एवढं!"

सिग्ने त्या दगडावर गुडघे टेकून बसली. वाकली. छातीवरचं रिकामं म्यान, सैल वादीसकट, दगडावर पुढे लोंबलं. तिनं स्वतःची बाटली उघडली आणि पाण्यात धरली. बुडबुडे आले, बाटली जड होत गेली.

"काका," ती मागे न बघता म्हणाली, "अहो, पाणी भरत होते बाबा. परतीच्या वाटेला पुरेल असं."